खोल नांगरट, जमीन आणि गहू : खानदेशातल्या शेतकऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गहू-हरभरा निघून वावर मोकळं झालं की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या गावांत एकच चर्चा सुरू होते : यंदा पलटी मारायची, म्हणजे पलटी नांगराने खोल नांगरायचं, की नाही? शेजाऱ्याने मारली म्हणून आपणही मारतो, किंवा डिझेलचा भाव बघून सोडून देतो. दोन्ही वेळा जमिनीला कोणी विचारत नाही. खालची उत्तरं मुख्यतः बागायती गव्हासाठी आहेत, आणि ती सगळी एका गोष्टीवर टेकलेली आहेत : आधी आपलं वावर खणून बघा, मग ट्रॅक्टर बोलवा.

खोल नांगरट म्हणजे नेमकी किती खोल?

वखर आणि रोटाव्हेटर साधारण ८ ते १२ सेंमीपर्यंतच काम करतात. नेहमीची नांगरट १५ ते २० सेंमी, म्हणजे वीतभरापेक्षा थोडी कमी. ट्रॅक्टरचा पलटी नांगर २५ ते ३० सेंमी जातो, आणि तिथून पुढे खोल नांगरट म्हणता येते. सबसॉइलर ४० ते ५० सेंमीपर्यंत उतरतो, पण तो माती पलटत नाही, नुसती फोडत जातो. हा फरक लक्षात ठेवा. पलटी नांगर खालची माती वर आणतो आणि वरची खाली गाडतो. सबसॉइलर थर जागच्या जागी ठेवून त्यांना तडे पाडतो. जमिनीवर दोघांचा परिणाम अगदी वेगळा होतो. ‘खोल केलं’ एवढंच सांगून भागत नाही, कशाने केलं तेही सांगावं लागतं.

गव्हाची मुळं तर वरच्यावर असतात. त्याला एवढी खोली कशाला?

हा समज बराच पसरलेला आहे. गव्हाची सर्वाधिक मुळं वरच्या ३० सेंमीत असतात हे खरं. पण जमीन भुसभुशीत असेल तर ती ६० ते ६५ सेंमीपर्यंत सहज जातात, आणि खोल काळ्या जमिनीत एक मीटरच्याही खाली पोचतात. वरची मुळं खत घेतात. खालची मुळं शेवटी पाणी देतात, आणि आपल्याकडे गव्हाचा निकाल शेवटीच लागतो.

खानदेशात थंडी कमी दिवसांची. फेब्रुवारीच्या मध्यापासून ऊन चढायला लागतं, आणि नेमके तेव्हा दाणे भरत असतात. त्या काळात वरची माती दोन पाण्यांच्या मध्येच सुकते. ज्या झाडाची मुळं खाली पोचली आहेत ते तग धरतं आणि त्याची पानं हिरवी राहतात. ज्याची मुळं वीतभर खोलीवरच अडकली आहेत त्याची ओंबी लवकर पिवळी पडते आणि दाणा चिमतो. अशा गव्हाची बट्टी कशी होते ते घरच्यांना विचारा.

थोडा हिशेब करू. काळी भारी जमीन एक मीटर खोलीत पिकाला मिळू शकेल असं साधारण १५ ते २० सेंमी पाणी धरते. मुळं २० सेंमी जास्त खोल गेली तर ३ ते ४ सेंमी पाणी जास्तीचं हाती आलं. एका हेक्टरवर १ सेंमी पाणी म्हणजे १ लाख लिटर. म्हणजे ३ ते ४ लाख लिटर पाणी, जे विहिरीतून उपसावं लागलं नाही. आपण एका पाळीला साधारण ६ सेंमी पाणी देतो असं धरलं, तर हे अर्ध्या पाळीइतकं किंवा थोडं जास्तच होतं. शेवटच्या पाण्याला विहीर आटते तिथे हाच फरक एकरी पोत्यांत दिसतो.

म्हणजे खोल नांगरलं की गहू वाढतोच?

नाही. खाली मुळांना अडवणारं काही असेल आणि ते तुम्ही फोडलंत, तरच वाढतो. जर्मन संशोधकांनी २०१७ मध्ये ६७ ठिकाणच्या प्रयोगांचे आकडे एकत्र करून तपासले. सरसकट सरासरी वाढ निघाली फक्त ६ टक्क्यांच्या आसपास. जिथे खाली कठीण थर होता तिथे मात्र फायदा इतर ठिकाणांपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी जास्त होता. काही ठिकाणी, विशेषतः पोयट्याचं (वाळूपेक्षा बारीक, चिकणमातीपेक्षा जाड कणांचं) प्रमाण फार असलेल्या जमिनीत, उत्पादन घटण्याचा धोकाही दिसला. ते प्रयोग आपल्या तापीकाठचे नाहीत, पण त्यातलं तत्त्व इथेही तसंच लागू होतं : अडथळा नसताना केलेली खोल नांगरट म्हणजे डिझेलचा खर्च.

माझ्या वावरात कठीण थर आहे की नाही, कसं कळेल?

तीन खुणा सांगतो. तिन्ही तपासा, एकीवर विसंबू नका.

पहिली खूण पऱ्हाटीची किंवा तुरीची. पीक निघाल्यावर आठ-दहा झाडं मुळासकट सावकाश उकरून काढा. सोटमूळ सरळ खाली गेलं असेल तर चिंता नाही. वीतभर खोलीवर ते काटकोनात वळून आडवं पळालं असेल, तर तिथेच थर आहे. आणि सगळ्या झाडांची मुळं एकाच खोलीवर वळलेली दिसली तर शंकेला जागाच नाही.

दुसरी खूण सळईची. बोटभर जाडीची, टोक केलेली, वर आडवी मूठ जोडलेली लोखंडी सळई घ्या आणि जमीन वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली, असताना हाताच्या जोराने दाबत जा. वर सहज, मग एकदम अडते, जोर लावला की पुन्हा सैल जाते, असं झालं तर मधला भाग म्हणजे थर. कुठून कुठपर्यंत अडतं ते सळईवर खूण करून मोजा. कोरड्या काळ्या जमिनीत हे करू नका. ती सगळीकडेच दगडासारखी लागते आणि नसलेला थर दिसतो.

तिसरी खूण सगळ्यात भरवशाची : खड्डा. फावड्याने दीड फूट खोल खड्डा करा आणि एक बाजू चाकूच्या टोकाने वरून खाली कोरत या. चांगल्या मातीचे दाणे पडतात. दाबलेल्या मातीचे चपटे, आडव्या पापुद्र्यांचे तुकडे निघतात आणि त्यात मुळांची छिद्रं, गांडुळांची बिळं फारशी दिसत नाहीत. वावराच्या मधोमध एक, धुऱ्याजवळ ट्रॅक्टर वळतो तिथे एक, आणि जिथे कधीच चाक जात नाही अशा कोपऱ्यात एक, असे तीन खड्डे करा. तिसरा खड्डा सगळ्यात जास्त शिकवतो, कारण आपली जमीन मुळात कशी होती ते तो दाखवतो.

हा थर तयार कसा होतो?

दरवर्षी एकाच खोलीवर चालणाऱ्या अवजारामुळे आणि ओल्या जमिनीत घातलेल्या वजनामुळे. नांगराचा फाळ खालची माती घासत आणि दाबत जातो. रोटाव्हेटरची पाती तेच १०-१२ सेंमीवर करतात. त्यात ओलावा जास्त असताना ट्रॉली भरून बाहेर काढली की चाकाखालची माती विटेसारखी बसते. सैल केलेल्या जमिनीवर बहुतेक नुकसान चाकाच्या पहिल्याच फेरीत होतं, म्हणून ‘एकदाच तर गेलो’ हे समर्थन चालत नाही.

काळी जमीन उन्हाळ्यात स्वतःच फाटते. मग तिला खोल नांगर कशाला?

प्रश्न रास्त आहे, आणि बऱ्याच वेळा उत्तर ‘नकोच’ असं असतं. आपल्या काळ्या मातीतला चिकणमातीचा कण पाणी प्यायला की फुगतो आणि सुकला की आकसतो. एप्रिल-मेमध्ये हात आत जाईल अशा भेगा पडतात. वरची भुगा झालेली माती त्या भेगांत पडते, पावसात सगळं पुन्हा फुगतं, आणि दरवर्षी थोडी उलथापालथ आपोआप होते. वर्षाआड जमीन पूर्ण सुकू दिली तर हलका थर असाच मोडतो.

पण ज्या वावराला उन्हाळ्यातही पाणी आहे, जिथे केळी, ऊस किंवा उन्हाळी भुईमूग चालतो, तिथे जमीन कधी पुरती सुकतच नाही. भेगा पडत नाहीत. दाब मात्र वर्षभर चालूच. रावेर, यावल, चोपड्याच्या बागायती पट्ट्यात उत्तम काळ्या जमिनीतही थर सापडू शकतो तो यामुळे. बारमाही बागायतदाराने कोरडवाहूवाल्यापेक्षा जास्त सावध असायला हवं.

दादर (रब्बी ज्वारी) पेरणाऱ्या जुन्या लोकांनी काळ्या जमिनीची ताकद नीट ओळखली होती. पावसाळ्याची ओल खाली साठवायची, वर वखराच्या पाळ्या देऊन भेगा बुजवायच्या आणि ओल उडू द्यायची नाही. नांगर रोज नाही, वखर मात्र वेळेवर. गव्हालाही हीच शिस्त लागते.

हलक्या, मुरमाड जमिनीत खोल नांगरू का?

माती फूटभरही नसेल तर नाही. साक्रीच्या डोंगरउतारावर किंवा चाळीसगावकडे अजिंठा-सातमाळ्याच्या पायथ्याला पलटी नांगर ३० सेंमी घातला की मुरूम वर येतो, चुनखडी वर येते आणि वर्षानुवर्षं जमलेली कसदार माती खाली जाते. चुनखडी वर आली की स्फुरद मातीत अडकतो आणि लोह पिकाला मिळेनासं होतं. मग गहू पिवळा पडतो आणि आपण युरिया टाकत बसतो. अशा जमिनीत शेणखत, उताराला आडवी मशागत आणि कमी पाण्याचं पीक. गव्हाचा हट्ट तिथे न धरणं चांगलं, हरभरा जास्त देईल.

जमीन चोपण आहे, पाणी वर तुंबतं. पलटी मारल्याने निचरा होईल?

पलटीने नाही होणार, उलट बिघडण्याची शक्यता जास्त. चोपण जमिनीत सोडियम चिकटून बसल्याने मातीचे कण सुटे होतात आणि छिद्रं बुजतात. खालचा थर अनेकदा वरच्यापेक्षाही वाईट असतो, तो वर आणायचा नाही. आधी मातीपरीक्षण करा. सामू (पीएच) ८.५ च्या वर असेल तर विनिमययोग्य सोडियमचं प्रमाणही काढून घ्या. ते १५ टक्क्यांच्या वर गेलं असेल तर उपाय जिप्सम, ताग किंवा धैंचा आणि चर काढून निचरा. सबसॉइलर चालवायचा तर याच्या जोडीला चालवा. नुसता चालवला तर पडलेले तडे दोन-तीन पाण्यांत मिटतात.

खोल नांगरट कधी करावी? उन्हाळ्यात, की खरीप निघाल्यावर गव्हाच्या आधी?

उन्हाळ्यात. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

सोयाबीन, मूग, उडीद किंवा मका सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतो. बागायती गव्हाच्या वेळेवर पेरणीचा काळ १ ते १५ नोव्हेंबर. मधल्या थोड्या दिवसांत वरच्या एक फूट मातीत परतीच्या पावसाची ओल असते. ती पलटीने उलटी केली की दोन-तीन दिवसांच्या उन्हाने उडते, आणि भारी जमिनीत डोक्याएवढी ढेकळं निघतात. ती फोडायला रोटाव्हेटर दोनदा, मग पेरणीआधी ओलवणीचं पाणी, मग वाफशाची वाट. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा उजाडतो. शिफारशींत नेहमी सांगितलं जातं की पेरणी पंधरवड्याने लांबली की हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल गहू कमी होतो. खाली थर असेल तर नांगरटीने जे कमावलं ते इथेच गेलं. थर नसेल तर निव्वळ तोटा.

उन्हाळ्यात, म्हणजे मार्च अखेर ते मेच्या मध्यापर्यंत, जमीन कोरडी असते. कोरडी माती फाळाने चुरडली जात नाही, ती तडकते, आणि थर फोडायला तडकणंच हवं असतं. ढेकळं निघाली तरी काळजी नाही, ऊन आणि वळवाचा पाऊस ती विरघळवतात. सैल झालेल्या जमिनीत पावसाळ्याचं पाणी खोल मुरतं. आपल्या सपाट भागात पाऊस तसा बेताचाच, त्यामुळे हे मुरलेलं पाणी फार मोलाचं. खरिपाची मुळं त्याच वाटा वापरतात आणि कुजल्यावर गव्हासाठी मोकळ्या करून जातात. म्हणजे गव्हासाठीची खोल नांगरट गव्हाच्या सहा-सात महिने आधी करायची असते. ऑक्टोबरात फक्त वखराच्या किंवा कल्टीवेटरच्या पाळ्या पुरतात.

कापूस काढून गहू करतो. डिसेंबर उजाडतो. नांगरू की तसाच पेरू?

पऱ्हाट्या उपटून किंवा श्रेडरने बारीक करून घ्या, एक उथळ पाळी द्या आणि पेरा. अशा वेळी एकेक दिवस महत्त्वाचा. उशिरासाठी शिफारस केलेला वाण घ्या, उदाहरणार्थ एनआयएडब्ल्यू ३४ किंवा फुले समाधान. बियाणं हेक्टरी १२५ ते १५० किलो, ओळीतलं अंतर १८ सेंमी. १५ डिसेंबरनंतर मात्र गव्हाचा नाद सोडलेला बरा. बारीक केलेली पऱ्हाटी पेरणीच्या तोंडावर मातीत खूप खोल गाडू नका. ती कुजवताना जिवाणू मातीतला नत्र ओढून घेतात आणि कोवळा गहू उपाशी राहतो.

कापसाची खोल नांगरट उन्हाळ्यात जरूर करा, त्याचं दुसरंही कारण आहे. फरदड (वेचणी संपल्यावरही पुढे राखलेला कापूस) न ठेवता पीक वेळेवर काढून जमीन तापू दिली तर मातीत दडलेले गुलाबी बोंडअळीचे कोष उघडे पडतात.

केळीच्या बेवडावर, म्हणजे केळी निघालेल्या जमिनीत, गहू घेतो, तिथे काय?

केळीचं वावर महिनोन्‌महिने ओलं असतं आणि त्यात वाहतूकही होते. खड्डा करून बघाच. थर असेल आणि केळी उन्हाळ्याआधी निघत असेल, तर जमीन पूर्ण सुकू द्या, मग सबसॉइलर एक ते दीड मीटर अंतराने, आधी उभा मग आडवा चालवा. कंद काढल्याशिवाय अवजार नीट चालत नाही.

दरवर्षी करावी का?

दोन-तीन वर्षांतून एकदा पुरे, आणि तेही खड्ड्यात थर दिसला, किंवा बोंडअळी वा हरळीसारख्या तणांसाठी गरज असली, तरच. एका हेक्टरची वरची १५ सेंमी माती सुमारे २० लाख किलो भरते. ३० सेंमी नांगरायचं म्हणजे ४० लाख किलो माती हलवायची. खोली वाढते त्यापेक्षा वेगाने ट्रॅक्टरवरचा ओढ आणि डिझेल वाढतं. शिवाय दर उलटीगणिक मातीतला सेंद्रिय कर्ब उघड्यावर येतो आणि आपल्या उन्हात भराभर जळतो. तो आपल्याकडे आधीच कमी आहे. नांगरटीच्या वर्षी शेणखत, कंपोस्ट किंवा हिरवळीचं खत नक्की घाला. मोकळी झालेली माती धरून ठेवायला सेंद्रिय पदार्थ आणि मुळंच लागतात, नाहीतर ती पहिल्याच पावसाळ्यात पुन्हा बसते.

रोटाव्हेटरने माती मैद्यासारखी होते. गव्हाला तेच हवं ना?

नको. मैद्यासारखी माती पहिल्या पाण्याला बसते आणि वर पापडी धरते. दुसरं असं की बुटक्या वाणांचा कोंब फार खोलून वर येऊ शकत नाही. बी ५ ते ६ सेंमीवर पडायला हवं. फार पोकळ जमिनीत पेरणी यंत्राचे फण खोल धसतात, बी ८-९ सेंमीवर जातं आणि उगवण विरळ होते. पोकळ मातीत मुकुटमुळंही (खोडाच्या बुडाशी फुटणारी मुळं) नीट रुजत नाहीत आणि पुढे गहू वाऱ्याने लोळतो. ढेकूळ सुपारीएवढं राहिलं तरी चालतं. पेरणीआधी फळी मारून माती थोडी दाबून घ्या.

तणांचं काय?

हरळी, कुंदा आणि लव्हाळ्यासाठी उन्हाळी नांगरट खरोखर उपयोगी. त्यांच्या काशा (जमिनीतली खोडं) आणि गाठी उन्हात सुकतात, वेचून धुऱ्याबाहेर काढता येतात. याउलट हरळीच्या वावरात रोटाव्हेटर फिरवला तर तुकडे होऊन ती सगळीकडे पसरते.

न नांगरता पेरणी आपल्याकडे चालेल का?

चालू शकते. पंजाब-हरियाणात भातानंतर गहू बिनानांगरट मोठ्या प्रमाणावर पेरला जातो, कारण त्यात वेळ वाचतो. आपल्याकडे सोयाबीन किंवा मुगानंतर, तण कमी असेल आणि खाली थर नसेल तिथे करून बघण्यासारखी आहे. आधी थर फोडा, मग नांगर थांबवा. हा क्रम उलटा केला तर थर तसाच खाली राहतो.

माझ्या जमिनीत फायदा झाला की नाही, कसं तपासू?

अख्खं वावर नांगरू नका. मध्ये ट्रॅक्टरच्या चार-पाच फेऱ्यांएवढा पट्टा न नांगरता सोडा. पुढे वाण, खत, पेरणीची तारीख, पाणी सगळं सारखं ठेवा. खताचा हप्ता बदलला तर तुलनाच संपली. दाणे भरताना दुपारी दोन्हीकडे जाऊन पानं बघा, कुठली आधी मान टाकतात. कापणीला प्रत्येक पट्ट्यात एक मीटर बाय एक मीटरच्या किमान पाच-पाच जागा वेगवेगळ्या ठिकाणी आखा, कडेच्या नाहीत. मळून, सुकवून दाणे तोला आणि सरासरी काढा. ग्रॅमच्या आकड्याला दहाने गुणलं की हेक्टरी किलो मिळतात : ४०० ग्रॅम म्हणजे हेक्टरी ४० क्विंटल. हजार दाण्यांचं वजनही करून ठेवा. खालच्या ओलीचा फायदा बहुधा दाण्याच्या वजनात दिसतो, ओंब्यांच्या संख्येत नाही. एका वर्षावर निकाल देऊ नका. थंडी लांबलेल्या वर्षी फरक कमी दिसेल, लवकर तापलेल्या वर्षी जास्त.

यंदा उन्हाळी नांगरट राहून गेली, थर आहे हेही कळलंय, आणि नोव्हेंबर तोंडावर आलाय. आता काय करू?

आता खोल जाऊ नका. दोन उथळ पाळ्या द्या, वेळेवर पेरा, आणि पाण्याची आखणी उथळ मुळांचा विचार करून करा : एका वेळी कमी पाणी, पण लवकर लवकर. तुषार सिंचन असेल तर उत्तम. मुकुटमुळं फुटताना, म्हणजे १८ ते २१ दिवसांचं पाणी अजिबात चुकवू नका, कारण मुळांचा सगळा पसारा तिथून सुरू होतो. दोनच पाणी असतील तर एक २० ते २२ दिवसांनी, दुसरं ६० ते ६५ दिवसांनी. गहू निघाला की जमीन वाळण्याआधी एकदा सळई घालून थराची खोली मोजून लिहून ठेवा. एप्रिलमध्ये सबसॉइलर थराच्या खाली ५ सेंमीपर्यंतच लावायला सांगा, त्याहून खोलीचे पैसे देऊ नका.